चेअरमनचं तोंड तुम्हाला जमलं नाही म्हणे

अहो,

तुमच्या तेराव्याला तीन-चार जण बोलायला उभे राहिले. कुणी म्हणालं मितभाषी, कुणी म्हणालं साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी आत बायकांत बसले होते. पदर तोंडाला लावला तशी जाऊबाईंनी पाठीवर हात फिरवला, त्यांना वाटलं मला हुंदका आला. अहो, हसू आलं होतं मला. मितभाषी, आणि तुम्ही! मला बघायला आलात त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवायच्या आधी खिशातून फ्लॉपी काढलीत आणि माझ्या वडिलांना म्हणालात, "मामा, ह्याच्यात तुमचं अख्खं गाव बसतंय, गुराढोरांसकट." वडील आधी फ्लॉपीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. पोरगी द्यावी की न द्यावी, त्यांना कळेना.

तुम्ही बढाईखोर होतात. हे मी तुमच्या तोंडावर कैकदा सांगितलंय, आता तुम्ही नाही म्हणून शब्द फिरवणार नाही. पंचाईत एवढीच की तुमच्या बढाया बऱ्याचदा खऱ्या निघायच्या.

भाषणांत मोराचा विषय कुणी काढला नाही. विंचवाचा नाही, रेल्वेच्या इंजिनाचाही नाही. ते डोळ्यांनी बघितलेली माणसं आता फार उरली नाहीत. म्हणून मीच लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर मला एक वाक्य पुरं करू दिलं नसतंत.

त्या दुष्काळात आपल्या दूध संघानं घाटनांदूरला, स्टेशनाच्या अलीकडच्या माळावर चारा डेपो काढला होता. संघात कॉम्प्युटर नवीनच आला होता, आणि कॉम्प्युटरबरोबर तुम्ही. पत्र्याच्या खोलीत आत तुम्ही, तुमची मशीन आणि तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. आणि बाहेरच्या खिडकीवर मी, चिठ्ठ्या द्यायला. बारावी झालेल्या सुनेनं घरात बसून काय करायचं, हे मामंजींना तुम्हीच पटवलं होतंत. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. आज मानते.

दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला गेलेली असायची. पोरं, सुना, गाडीला चालणारे बैल, सगळे कारखान्यांच्या वाटेला. मागं राहायच्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्या गळ्यात दावं अडकवल्यासारख्या त्यांच्या गायी-म्हशी. सोसायटीचं सभासदत्व म्हाताऱ्यांच्या नवऱ्यांच्या नावावर. नवरा जिवंत असो, अंथरुणाला खिळलेला असो की वर गेलेला असो, तुमच्या कॉम्प्युटरला चालायचं ते त्याचंच नाव. आणि म्हाताऱ्या तर नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

"आजी, मालकाचं नाव सांगा."

"तुला ठावं हाय की."

"मला न्हाई ठावं."

"मग इचार कुणाला बी. म्या कसं घिऊ?"

सभासद नंबर लांबलचक, कार्डावर सगळं इंग्रजी. मग रांगेतला एखादा गडी पुढं व्हायचा, "हिच्या मालकाचं नाव अमुक" म्हणून सांगायचा, आणि चिठ्ठीही तोच हातात घ्यायचा. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तो सांगेल तेच खरं. म्हातारीपर्यंत कडबा पोचायचा तेव्हा त्यातल्या पेंढ्या वाटेतच कुठंतरी उतरलेल्या असायच्या. कुणाला बोलणार? नाव त्यानं सांगितलेलं.

सोनाबाईंची गाय त्याच दिवसांत बसली. घाटनांदूरपासून कोसभरावरच्या वस्तीवरून सोनाबाई चालत यायच्या, अंगानं काटकुळ्या, आवाजानं मात्र माळ हलवणाऱ्या. गाय बसली ती उठलीच नाही. त्या दिवशी तुम्ही कधी नव्हे ते खोलीबाहेर येऊन त्यांच्या वस्तीवर जाऊन आलात. परत आलात तेव्हा काही बोलला नाहीत, आणि हे एवढं विशेष होतं की मी घाबरले. दिवेलागणीला जेवताना म्हणालात, "ह्या मशीनला चित्रं काढाय लावतो. नाव नको न् गाव नको. ज्याचं त्याचं चित्र. म्हातारीनं चित्र सांगायचं, चिठ्ठीवर चित्र बघायचं, कडबा उचलायचा."

"तिला अक्षरं तर काढता येतात का नीट?" मी म्हणाले. प्रिंटरची इंग्रजी 'ई' तेव्हा अर्धी उमटायची.

"अक्षरं तिला कुणीतरी शिकवल्याली. चित्रं मी शिकवणार."

मग आपल्या घराच्या ओसरीचा कारखाना झाला. प्रिंटरच्या डोक्यात नऊ सुया असतात, एकाखाली एक, आणि त्या शाईच्या फितीवर टोचून ठिपके पाडतात, हे तुम्ही मला खडूनं फरशीवर काढून शिकवलंत. चित्राला त्यातल्या आठच चालतात. "मग नववी?" असं मी विचारलं तर म्हणालात, "नववी म्हंजी जावई. नुसता बसून." प्रत्येक सुईला आपापला आकडा: सगळ्यात खालचीला एक, मग दोन, मग चार, मग आठ, असं दुप्पट दुप्पट होत वरचीला एकशे अठ्ठावीस. ज्या सुया टोचायच्या त्यांच्या आकड्यांची बेरीज करायची, की एका उभ्या रेघेचा हुकूम झाला. अशा रेघांना रेघा लावत गेलं की बैल होतो. फरशीवर तुम्ही चौकटी आखायचात, आणि ठिपक्याच्या जागी चिंचोके मांडायचात. लांबून बघायचात, परत येऊन एखादा चिंचोका सरकवायचात. चित्र मनासारखं झालं की ते चौकटीच्या कागदावर उतरायचं, आणि तो कागद माझ्याकडं, बेरजांना. मी तूर निवडता निवडता बेरजा करायची. तुमची बेरीज चुकायची, माझी चुकायची नाही. हे तुम्ही कधी चारचौघांत कबूल केलं नाहीत, पण दर वेळी कागद माझ्याच पुढ्यात यायचा.

आणि पहिलं मोठं काम तुम्ही मला न विचारता केलंत.

चित्रं लक्षात राहावीत म्हणून तुम्ही नावावरून चित्रं वाटलीत. सूर्यभानच्या घराला सूर्य, चंद्रभानच्या घराला चंद्र, नागोरावांना फणा काढलेला नाग, गुलाबरावांना गुलाबाचं फूल. सगळं संघात बसून परस्पर केलंत, चित्रांची नवी कार्डंही वस्त्यांवर पोचवलीत, मला सरप्राइज म्हणून. सकाळी खिडकी उघडली आणि तुम्ही आतून ओरडलात, "हां, आता इचार! चित्र इचार!" पहिल्या सोनाबाई होत्या. सूर्यभानच्या सोनाबाई.

मी विचारलं, "आजी, चित्र कोणतं?"

त्यांनी कार्डाकडं बघितलं. ओठ उघडले, मिटले. मागं वळून रांगेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ते... सकाळच्या पारी उगवतंय न्हवं का, ते."

रांगेतल्या म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या. त्यांच्यामागं चंद्रभानची आई उभी होती. तिच्या घरचं कार्ड मुलाच्या नावावर, मुलगाच चंद्रभान, म्हणून ती बिनधास्त "चांद" म्हणाली आणि चिठ्ठी घेऊन गेली. पण नागोरावांच्या बायकोनं हाताचा पंजा करून फणा काढून दाखवला. गुलाबरावांची बायको लाजून बोललीच नाही, सत्तरीची बाई. आतून तुमचा आवाज, "काय झालं बे? कावून हसायलेत सगळे?"

संध्याकाळी घरी मी पोट धरून हसले. तुम्ही फुगून बसलात. "मला इचारायचं होतं ना," मी म्हणाले. "नवऱ्याचं नाव ज्या शब्दात येतं तो शब्द बायका चुलीपाशीसुद्धा काढत न्हाईत. एवढं बी ठावं न्हाई तुमाला?"

"कसं ठावं असंल?" आणि मग तुम्ही एकदम थांबलात. माझ्याकडं टक लावून बघितलंत. "म्हंजी तू पण? म्हणून तू सकाळी खिडकी उघडली की कायम 'उजेड आला' म्हणतीस? दुसरा शब्द म्या तुझ्या तोंडून कदीच ऐकला न्हाई."

मी तूर पाखडायला घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तुम्हाला त्या दिवशी कळलं. तुमचा फुगा फुटला, मग तुम्ही जे हसायला लागलात ते दोन दिवस हसत होतात. "घे ना एकदा नाव. उखाण्यात नको. सरळ घे." तेव्हापासून हे जे लागलं ते लागलंच.

दुसऱ्या खेपेला चित्रं मी विचारून आणली. खिडकीवर एकेका म्हातारीला, "आजी, तुमाला काय पाहिजे?" आणि काय मागितलं त्यांनी! अडकित्ता. सुगरणीचा खोपा. नथ. एकीनं मुसळ मागितलं. स्टेशनाजवळ राहणाऱ्या गंगूबाईंनी इंजिन मागितलं, तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून उभेच राहिलात, इतका आनंद झाला तुम्हाला. संघाच्या चेअरमनची आईसुद्धा रांगेत असायची. मोठं घर, मोठी जमीन, पण गड्यांवर त्यांचा विश्वास नाही, आपल्या म्हशीचा चारा त्या स्वतः समोर उभ्या राहून भरून घ्यायच्या. त्यांनी इंचू मागितला. "इंचू काढ. मग चिठ्ठीला कुणी हात लावणार न्हाई."

सोनाबाईंनी मोर मागितला. "पर मोठा पायजे. पिसारा फुलवल्याला." त्यांची दुसरी गाय, काळी, अजून उभी होती.

सुरुवातीला सगळं बिघडतच होतं, ते मी विसरले नाही. पहिला बैल छापला तर त्याच्या पोटातून आडवी पांढरी फट. अक्षरांच्या ओळींमध्ये प्रिंटर जेवढी जागा सोडतो तेवढी तो चित्रातही सोडत होता. ज्यांचा बैल होता त्या बाईंनी चिठ्ठी घ्यायला हातच पुढं केला नाही. "मदून चिरल्याला बैल म्या घरात नेणार न्हाई. अशुभ हाय." तुम्ही त्या बाईंना कॉम्प्युटर समजावून सांगायला लागलात. मी तुम्हाला आत ढकललं. ओळींमधलं अंतर कमी करायचा हुकूम सापडेपर्यंत तुम्ही जेवला नाहीत. मग बैल सांधला. मोराची वेगळीच तऱ्हा. पिसारा लांबलचक, आणि कॉम्प्युटरला प्रत्येक रेघ म्हणजे एक अक्षर वाटायचं. ऐंशी अक्षरं झाली की त्याच्या हिशेबानं ओळ संपली, म्हणून तो उरलेला पिसारा खालच्या ओळीला नेऊन टाकायचा. सोनाबाई तो कागद बघून म्हणाल्या, "ह्याची शेपटी कुत्र्यानं तोडून नेली व्हय?" तुम्ही दात-ओठ खाल्लेत. पण पुढच्या आठवड्यात सलग मोर आला. प्रिंटर चर्रर चर्रर करत एक एक पट्टी पाडत होता, आणि रांग मोडून सगळ्या म्हाताऱ्या खिडकीला चिकटल्या होत्या. तुरा आला, मान आली, एका ठिपक्याचा डोळा आला. एकच ठिपका, पण मोर बघत होता. सोनाबाईंनी तो कागद दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोर! माझा मोर!" त्यानंतर त्यांच्या वतीनं नाव सांगायला कुणी पुढं आलं नाही. कडब्याच्या गंजीवरचे गडीही चिठ्ठी बघून ओरडायचे, "मोराचं भरा!", "इंचवाचं भरा!" आणि ज्याचं त्याला मिळायचं. काळी गाय तगली.

आता चेअरमनवर येते. इथं तुम्ही असतात तर खाकरला असतात.

संघाची निवडणूक जवळ आली होती. चेअरमन डेपोवर आले, एक चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "काय बे, हे मशीन चित्रं बी काढतंय?" तुम्ही छाती फुगवून म्हणालात, "काय बी काढतंय, साहेब." मी खिडकीतून डोळे मोठे केले. तुम्ही बघितलंत तरी थांबला नाहीत. "काय म्हणाल ते काढतंय."

"मग हा पोरखेळ बंद कर. मोर काय, मुसळ काय. चिठ्ठीवर माझा फोटो पायजे. फेट्यातला. समद्या चिठ्ठ्यांवर एकच. लोकांना कळू द्या चारा कोण देतंय ते."

"आणि चित्रं, साहेब?" मी आतून विचारलं.

"चित्रं कशाला? नाव सांगा न् चिठ्ठी घ्या. आपल्या मालकाचं नाव घ्यायला काय जीव जातोय?"

तुम्ही म्हणालात, "छापतो."

बास. एवढंच म्हणालात. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि आल्यावर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही चेअरमनचा फोटो समोर ठेवून फरशीवर चिंचोके मांडायला बसलात. तेच चिंचोके, ज्यांचा मोर झाला होता. मला वाटलं, बढाई मारली आता निस्तरायला नको का, म्हणून हा माणूस त्या म्हाताऱ्यांना परत गड्यांच्या तोंडाला बांधतोय. तुम्ही मान वर केली नाहीत. आणि काय सांगू, चेहरा हळूहळू तयार होत गेला. फेट्याचा पीळ, भुवया, ओठांवरची मिशी, हनुवटीवरचा मससुद्धा. फरशीवरून चेअरमन माझ्याकडं बघत होते. मला राग आला तसा, खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. असं दुसऱ्या कुणाला आलं नसतं. बेरजांचा कागद तुम्ही पुढं सरकवलात. मी बेरजा केल्या. बेरजेवर राग काढणं मला जमत नाही, एकही चुकली नव्हती.

ठरल्या दिवशी चेअरमन चार माणसं घेऊन आले. रांग उभी होती. आई त्यांची रांगेतच, म्हशीच्या काळजीत. तुम्ही बटण दाबलंत. चर्रर चर्रर.

आधी फेटा आला. फेटा कसला, पेंडीचं पोतं तोंड उघडं टाकल्यासारखं दिसत होतं. मग डोळे आले, एक वर, एक खाली. नाक दोन ठिकाणी. मिशी निघाली ती थेट कानापर्यंत गेली आणि कानाच्या जागी काहीच आलं नाही. कागद पुढं सरकत राहिला. चेअरमनच्या आईनं खिडकीतून वाकून बघितलं आणि सहज, अगदी काळजीनं विचारलं, "ह्ये कुणाचं रेडकू हाय?"

"आई," चेअरमन म्हणाले, "मी हाय तो."

"तू? आरं देवा." त्यांनी परत बघितलं. "तुजं तोंड मला पाठ हाय, कागद कशाला पायजे? माजा इंचू दे गं बाय. म्हस उपाशी हाय."

रांग हसली नाही. हसू दाबताना खांदे हलतात तेवढे हलले. चेअरमन तुमच्याकडं वळले. "लई शिकल्याला म्हणतोस ना बे? ह्ये काय हाय?"

आणि तुम्ही हात जोडलेत. मान खाली घातलीत. चारचौघांत, म्हाताऱ्यांसमोर, माझ्यासमोर म्हणालात, "माझं चुकलं, साहेब. मला माणसाचं तोंड जमत न्हाई. जनावरं जमतात. आनखी दोन-चार डाव छापून बघू का?"

"नको, नको." चेअरमननी कागद चुरगाळून खिशात कोंबला. "जनावरंच छाप."

मोर राहिला. इंजिन राहिलं. मुसळ, नथ, खोपा, सगळं राहिलं.

अहो, "माझं चुकलं" हे शब्द मी तुमच्या तोंडून त्याआधी ऐकले नव्हते, आणि त्यानंतरही कधी ऐकले नाहीत. भाजीत मीठ दोनदा टाकलं तेव्हा नाही, मोटारसायकल पुलाच्या कठड्यावर घातली तेव्हाही नाही. तिथंच मला कळलं. फरशीवरचा चेहरा मी बघितला होता. आकडे माझे होते. घर आणि डेपो यांच्या मध्ये ते आकडे कुणीतरी बदलले होते, आणि तिथं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून सगळ्या तालुक्यात झालं की ह्याला चेअरमनचं तोंड जमलं नाही. चहाच्या टपरीवर लोक तुम्हाला "रेडकू छापणारा" म्हणायचे. सिरसाळ्याच्या बाजारात एकानं तोंडावर विचारलं, "काय बे, माणूस जमला का?" तुम्ही हसून पुढं गेलात. तुम्ही! ज्या माणसाला कुणी "तुझी सायकल हळू चालते" म्हटलं तरी चार दिवस झोप लागायची नाही, तो हे हसून ऐकत होता. म्हाताऱ्यांच्या मोरांसाठी तुम्ही जे टाकलंत ते तुमच्याकडचं सगळ्यात लाडकं होतं. नोकरी टाकली असतीत तरी मला एवढं वाटलं नसतं.

पुढच्या पोळ्यापर्यंतही पाऊस आला नाही. पोळा डेपोवरच झाला. रंग नाही, झुली नाही, बैल धुवायला पाणी नाही. तुम्ही प्रिंटरच्या कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या इतके महिने गोणीत भरून ठेवल्या होत्या. मी म्हणायची, कचरा जमवता. त्या दिवशी गोणी उलटी केलीत. त्या पट्ट्यांची बाशिंगं झाली, शिंगांना माळा झाल्या, आणि ज्या घराचं जे चित्र ते मोठं छापून त्यांच्या जनावराच्या कपाळी बांधलं. सोनाबाईंची काळी गाय मोर बांधून बैलांच्या रांगेत उभी होती. गायीचा पोळा नसतो, असं कुणीतरी म्हणालं. सोनाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो बैलामागं सरकला.

तेराव्याला सोनाबाईंची नातसून आली होती. भाषणं संपल्यावर माझ्याजवळ बसली, माझ्याकडून मोराची गोष्ट ऐकली. म्हणाली, "काकू, आमाला अजून समदे मोरवालेच म्हणतात. लगीन ठरलं तवा माज्या बापाला बी 'मोरवाल्यांचं घर' असंच सांगितलंतं. कावून म्हणतात ते मला आज कळलं." तिच्या मुलाच्या शाळेतल्या पोरांनाही तो मोरवाल्यांचा म्हणूनच माहीत आहे. तिकडं इंजिनवाले आहेत, मुसळवाले आहेत. मोठ्या घराला मात्र विंचूवाले म्हणायची कुणाची छाती नाही, मागून म्हणतात. तुम्हाला हे सांगायला हवं होतं. ऐकून तुम्ही म्हणाला असतात, "मग? सांगत नव्हतो?"

आपला वाद मात्र तसाच राहिला. मी विचारायची, "खरं सांगा. मुद्दाम बिघडवलं ना?" तुम्ही म्हणायचात, "नऊ सुयांत चेअरमन मावत न्हाई." मी म्हणायची, "फरशीवर मावला होता." तुम्ही म्हणायचात, "तू माझं नाव घे. उखाण्यात न्हाई, सरळ. मग सांगतो." पोरांच्या लग्नात, पाहुण्यांपुढं, एसटीत, कपिलधारला धबधब्याखाली भिजताना, दर वेळी तोच सौदा. मी म्हणायची, कबूल करा मग घेते. तुम्ही म्हणायचात, घे मग करतो. दोघांनाही गंमत वाटत होती. कुणाला घाई नव्हती.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुमच्या तोंडावर मास्क होता. तुम्ही तो बाजूला केलात. मला वाटलं पाणी पाहिजे. तुम्ही म्हणालात, "घे की आता. सांगतो." डोळ्यांत तीच खोडी. मी म्हणाले, "आधी घरी चला. ओसरीवर बसून घेते." नर्सनं मास्क परत लावला. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मला रडू आवरत नाही हे आठवलं की. एक शब्द होता हो. तेवढाच होता.

काल दाखल्यासाठी नगरपालिकेत गेले होते, मुलगा बरोबर होता. डेपोवर मी खिडकीच्या आत बसून "मालकाचं नाव?" विचारलं, काल खिडकीच्या बाहेर उभी होते. मागं रांग. आत एक पोरगी कॉम्प्युटरपुढं, आपल्या नातीएवढी. तिनं मान वर न करता विचारलं, "मयताचं नाव?"

ओठ उघडले, मिटले. सोनाबाई आठवल्या. मी मागं वळून रांगेकडंही बघितलं. मुलाला वाटलं आईला बोलवत नाही, तो पुढं झाला. मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

"प्रकाश," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा, काकू. ऐकू येईना."

मग मी सोनाबाईंसारखं म्हणाले. सगळ्या कचेरीनं वळून बघितलं. पोरीनं मान वर केली. मुलगा माझ्याकडं बघतच राहिला, त्यानं हे माझ्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

प्रकाश. घेतलं, अहो. उखाण्यात नाही, सरळ घेतलं, आणि मोठ्यानं घेतलं. आज सकाळी ओसरीची खिडकी उघडताना परत घेतलं. आता तुमची पाळी.

मी ओसरीवरच बसलेय. सांगा.